गाभण मनीचा राग

पुणे

ती. सौ. मावशीस,


काल फोनवर तू सांगितलंस ते ऐकल्यापासून तुमची मांजरी मनीच डोक्यात आहे. ती बंड्या बोक्याला स्वयंपाकघरात पाऊल टाकू देत नाही, मोती कुत्र्याच्या नाकावर तिने पंजा मारला, आणि आता काका म्हणतायत, ‘हिला बाजारात नेऊन सोडा.’ घाईत अर्धंच बोलणं झालं, म्हणून सविस्तर लिहिते. आधी काकांसाठी एक गोष्ट. मनी बिघडलेली नाही. तिचे दिवस भरत आलेत आणि निर्धास्तपणे व्यायला तिला घरात जागा मिळालेली नाही. ती जागा तिला मिळाली, तर मनी, बंड्या आणि मोती तिघंही यातून नीट पार पडतील. बाजारात सोडलेली गाभण मांजरी मात्र अनोळखी बोके आणि कुत्रे यांच्यात व्यायला बसते. तिची पिल्लं वाचणं कठीण असतं.

मांजरीचा गर्भकाळ साधारण ६३ ते ६५ दिवसांचा असतो, थोडे दिवस इकडेतिकडे. पहिले दोन आठवडे बाहेरून काही कळत नाही. तिसऱ्या आठवड्याच्या सुमारास सड गुलाबी होऊन किंचित फुगतात, आणि पुढे पाचव्या आठवड्यानंतर पोट दिसायला लागतं. पुष्कळ मांजरी या काळात उलट जास्त लाडात येतात, पायात घोटाळतात. शेवटच्या पंधरवड्यात मात्र त्यांचा नूर पालटू शकतो. गर्भ टिकवून ठेवणारं प्रोजेस्टेरॉन उतरायला लागतं, दूध आणणारं प्रोलॅक्टिन वाढतं, आणि मांजरी आडोसा शोधत फिरते. कपाटाचा खालचा कप्पा, माळ्यावरची गोणपाटं, पलंगाखालची ट्रंक असं सगळं हुंगून होतं. अशा वेळी दुसरं जनावर नुसतं जवळून गेलं तरी ती फिस्कारते. काही मांजरींचा हा राग पिल्लं झाल्यावरच दिसतो, काहींचा आधीपासून, आणि काहींचा कधीच नाही.

याचं मूळ फार मागे जातं. २००७ साली कार्लोस ड्रिस्कॉल आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी ‘सायन्स’ या नियतकालिकात मांजरांचा जनुकीय अभ्यास प्रसिद्ध केला. जगभरची पाळीव मांजरं मध्यपूर्वेतल्या रानमांजरापासून आली, असं त्यातून दिसलं. हे रानमांजर एकटं राहतं, एकटं शिकार करतं, आणि मादी पिल्लं एकटीच वाढवते. बाकी कुणाची मदत नसलेल्या आईसाठी जवळ येणारं प्रत्येक जनावर आधी धोका असतं, ओळखीचं नंतर.

पण मांजरांना एकत्र राहताच येत नाही, असंही नाही. डेव्हिड मॅकडोनल्ड या ब्रिटिश प्राणिशास्त्रज्ञाने १९७०च्या दशकाच्या अखेरीस इंग्लंडमधल्या शेतावरच्या मांजरांचा बारकाईने अभ्यास केला. नात्यातल्या माद्या एकमेकींच्या पिल्लांना पाजतात, सांभाळतात, हे त्याला दिसलं. घरात मनीची आई किंवा बहीण असती, तर कदाचित तिने त्यांना जवळ येऊ दिलं असतं. बंड्या तिच्या रक्ताचा नाही, शिवाय बोका. काही बोके परक्या पिल्लांना मारतात हे अभ्यासकांनी नोंदवून ठेवलंय. बंड्याची नसबंदी झालेली असल्यामुळे त्याच्याकडून तसा धोका कमी आहे, पण मनी त्या हिशेबाने चालत नाही. मोतीची गोष्ट आणखी सोपी आहे. तो अंगाने मोठा आहे, उत्साहात थेट तोंडाशी जाऊन हुंगतो, आणि दिवस भरलेल्या मांजरीला उडी मारून पळणं जमत नाही. पळता येत नसेल तर पंजा मारणं एवढंच तिच्या हातात उरतं.

हल्ला अचानक झाला असं वाटतं, पण त्याआधी बरंच काही घडून गेलेलं असतं. मनी स्वयंपाकघराच्या उंबऱ्यावर बसते तेव्हा नीट बघ. ती नुसती बसलेली नसते, तिने वाट अडवलेली असते. बंड्या पडवीतून आत येतो आणि तिची नजर त्याच्यावर खिळते, पापणीही हलत नाही. मग शेपटीचं फक्त टोक डावी-उजवीकडे व्हायला लागतं. कान आधी बाजूला वळतात, मग चपटे होतात. बाहुल्या मोठ्या होतात आणि पाठीवरची कातडी लहरते. बंड्या थबकतो, मान फिरवतो, सावकाश मागे सरतो. त्याला मागे सरायला जागा असेल तर गोष्ट तिथेच संपते. मागे भिंत असेल, किंवा नेमका त्याच वेळी मोती भुंकत आला, तर झटापट होते. माणसाने मधे पडायची वेळ म्हणजे शेपटीचं टोक हलायला लागतं ती. तेव्हा हाक मारून बंड्याला दुसरीकडे न्यावं, किंवा दोघांच्या मधे पुठ्ठ्याचा मोठा तुकडा सरकवून त्यांची नजर तोडावी.

झटापट सुरू झाल्यावर हात घालायचा नाही, पाणी मारायचं नाही, मनीला मारायचं तर मुळीच नाही. मार बसला की बंड्या दिसला म्हणजे दुखतं, एवढंच ती शिकते, आणि पुढच्या वेळी आधीच अंगावर जाते. जाड टॉवेल टाकून दोघांना वेगळं करावं आणि वेगवेगळ्या खोल्यांत ठेवावं. मांजराचा राग उतरायला कधी काही तास लागतात, कधी आख्खा दिवस. तोवर ‘दोघांची दिलजमाई करू’ म्हणून उचलून समोरासमोर आणू नये. यात कुणाला चावा बसला, तर जखम नळाच्या वाहत्या पाण्याखाली साबणाने पंधरा मिनिटं धुवावी आणि त्याच दिवशी प्राथमिक आरोग्य केंद्रात जावं. मांजराच्या चाव्यातूनही रेबीज होऊ शकतो, आणि मांजराचे सुईसारखे दात खोल जात असल्याने जखम वरून लहान दिसली तरी आत चिघळते.

आणखी एक कारण घराबाहेर असू शकतं. खिडकीतून परका बोका दिसला की मनी चिडते. तो हाती लागत नाही, मग तो राग जवळ असलेल्या बंड्यावर निघतो. तुमच्याकडे मागीलदारी फिरणारा तो दांडगा बोका अजून येत असेल, तर खिडकीच्या खालच्या काचांना कागद चिकटवून टाक आणि पडवीत उघडं खरकटं ठेवू नकोस.

हे सगळं करण्याआधी मनीला एकदा डॉक्टरांना दाखवायलाच हवं. मांजराच्या अचानक आलेल्या रागामागे बरेचदा दुखणं असतं, दात, कान, गळू, काहीही. गर्भ आहे की नाही हे सोनोग्राफीत तिसऱ्या-चौथ्या आठवड्यापासून कळतं, आणि दीड महिन्यानंतर एक्स-रेमध्ये पिल्लांचे सांगाडे मोजता येतात. किती पिल्लं आहेत हे आधी माहीत असलं, तर व्याल्यावर एखादं आत अडकलंय का ते समजतं. तिला जिवंत विषाणूची लस या काळात द्यायची नसते, कारण त्या विषाणूने पोटातल्या पिल्लांच्या मेंदूला इजा होऊ शकते. म्हणून गाभण आहे हे डॉक्टरांना आधीच सांगावं. घरातली पॅरासिटामॉलची गोळी तिच्यासाठी विष आहे, अर्धीसुद्धा. आणि मोतीच्या मानेवर गोचिडांसाठी जे थेंब टाकता, त्याचं खोकं वाचून बघ. त्यात परमेथ्रिन असेल तर ते मांजराला घातक असतं. असे थेंब टाकलेला कुत्रा मांजरीच्या जवळ झोपता कामा नये.

आता जागेचं. आपल्याकडे बाळंतिणीला जशी वेगळी, उबदार, वर्दळ नसलेली खोली देतात, तशीच मनीला हवी. माजघरालगतची धान्याच्या कोठीची खोली उत्तम. तिथे एक दार आहे, ते लावता येतं, आणि मोतीला तिथे जायची सवय नाही. दिवस भरायच्या निदान दोन आठवडे आधी तिला तिथे रुळवायला सुरुवात करावी. पुठ्ठ्याचं मोठं खोकं आडवं न ठेवता उभं ठेवून एका बाजूला तिला आत शिरता येईल एवढं भोक पाडावं, खाली जुन्या सुती साड्यांच्या घड्या घालाव्यात. उंबऱ्याएवढी कड ठेवली तर पिल्लं बाहेर घरंगळत नाहीत. पाणी, खाणं आणि रेतीचा ट्रे त्याच खोलीत हवा, पण ट्रे खाण्यापासून लांब. दार सुरुवातीला उघडंच ठेवावं. तिला कोंडल्यासारखं वाटलं, तर ती ती जागा नाकारून माळ्यावर जाईल.

बाकीच्या दोघांचंही घर आहे, हे विसरून चालणार नाही. बंड्याचा ट्रे, पाणी आणि खाण्याची जागा मनीच्या वाटेवर नसावी. घरात जितकी मांजरं, त्याहून एक ट्रे जास्त ठेवतात, म्हणजे कुणी कुणाची वाट अडवली तरी दुसरी सोय असते. बंड्याला उंचावर बसायला एक फळी मोकळी करून दे. तुमच्याकडे सगळ्यात जास्त भांडणं मासे कापताना होत असणार. विळी बाहेर काढण्याआधीच तिघांना तीन ठिकाणी, एकाच वेळी खायला घालून टाकलं तर निम्मी कटकट मिटते. गाभण मांजरीला भूकही जास्त लागते. शेवटच्या तीन आठवड्यांत पिल्लांसाठीचं खाद्य दिवसातून चार वेळा थोडं थोडं दिलेलं चांगलं. मोतीला घरात काही दिवस साखळीवर ठेवावं, आणि मनी दिसूनही तो शांत बसला की त्याला लगेच काहीतरी खाऊ द्यावा.

वासाकडे सगळ्यात जास्त लक्ष दे. मांजराच्या गालांवर गंधग्रंथी असतात. घरातल्या दाराच्या चौकटीला, माणसाच्या पायाला मांजर गाल घासतं ते त्यामुळेच. जिथे स्वतःचा आणि ओळखीचा वास असतो तिथे ते निवांत राहतं. एक स्वच्छ पंचा घेऊन बंड्याच्या गालांवरून, हनुवटीखालून हळूच फिरव आणि तो मनीच्या खोलीत, तिच्या खोक्यापासून लांब ठेव. मनीच्या गालांवरून फिरवलेला पंचा बंड्याच्या फळीवर. ती हुंगून तिथून निघून गेली तर चांगलं, फिस्कारली तर पंचा आणखी दूर सरकव. डॉक्टरांकडून परत आल्यावर मनीच्या अंगाला दवाखान्याचा वास असेल, आणि ओळखीचं मांजरही अशा वेळी परकं वाटतं. तेव्हा आल्याआल्या तिला आधी तिच्या खोलीत ठेवून, अंग चाटून होईपर्यंत दार लावून घ्यावं.

पिल्लं झाल्यावर पहिले दोन-तीन आठवडे सगळ्यात कडक. जोरात कळा येऊन अर्ध्या तासात पिल्लू बाहेर आलं नाही, तर वाट बघत न बसता डॉक्टरांना फोन करायचा. पिल्लं जन्मतात तेव्हा प्रत्येक साधारण शंभर ग्रॅमचं असतं, डोळे मिटलेले. डोळे उघडायला एक ते दोन आठवडे लागतात. या काळात मोती आणि बंड्या त्या खोलीत येता कामा नयेत, आणि शेजारपाजारच्या मुलांची रांगही नको. मांजरी पिल्लांना सात घरं फिरवते असं आपल्याकडे म्हणतात. तिला वर्दळ जाणवली की ती खरोखरच पिल्लं मानेला धरून दुसरीकडे हलवते, आणि त्या येण्याजाण्यात वाटेत मोती भेटला तर जिवावर उठते. म्हणून तिने जागा बदललीच, तर तिला परत ओढून आणू नकोस. नवी जागा सुरक्षित कर. पाजत असताना मनी थरथरायला लागली, लटपटत चालली किंवा पिल्लांकडे बघेनाशी झाली, तर अंगातलं कॅल्शियम उतरल्याचं ते लक्षण असू शकतं. त्याच तासाला डॉक्टर.

चौथ्या-पाचव्या आठवड्यात पिल्लं धावायला, भातात तोंड घालायला लागतात. मनी आपणहून त्यांना सोडून जास्त वेळ बाहेर बसते. तिथून ओळख पुन्हा सुरू करायची. आधी बंद दाराच्या अलीकडे बंड्याची आणि पलीकडे मनीची थाळी ठेवून दोघांना उकडलेल्या बांगड्याचा काटे काढलेला तुकडा द्यायचा. मग दाराच्या जागी जाळी. मग थोडा वेळ एकत्र, कुणीतरी मोठं माणूस खोलीत असताना. मोती शेवटी आणि साखळीवर. एखाद्या दिवशी कुणी फिस्कारलं, तर एक पायरी मागे यावं.

पिल्लांना मात्र त्याआधीपासूनच माणसांचा हात लागायला हवा. अमेरिकेत टेंपल विद्यापीठात आयलीन कार्श यांनी १९८०च्या दशकात दाखवलं की दुसऱ्या ते सातव्या आठवड्यात रोज हाताळलेली पिल्लं मोठेपणी माणसांना जास्त सरावलेली असतात. मनी शांत असेल तेव्हा, आधी तिला कुरवाळून, मग एकेक पिल्लू थोडा वेळ उचलावं.

मनी पाजत असतानाही पुन्हा माजावर येऊ शकते, आणि तेव्हा दार उघडं राहिलं तर दोन महिन्यांनी हेच सगळं परत. पिल्लांचं दूध तुटलं की तिची नसबंदी करून घ्यायची तारीख डॉक्टरांकडून आत्ताच ठरवून घे. पिल्लंही चार-पाच महिन्यांची झाली की गाभण राहू शकतात, त्यामुळे त्यांच्याबद्दलही विचारून ठेव. पिल्लांचं दूध तुटल्यावर महिना झाला तरी मनी बंड्याच्या अंगावर जातच असेल, तर ते गाभणपणाचं उरलेलं नाही. तेव्हा दोघांनाही तपासायला न्यायचं.

बंड्याकडे या दिवसांत माझ्यातर्फे नीट बघ. ताणाखालच्या बोक्यांना कधी लघवीचा त्रास होतो. तो ट्रेमध्ये पुन्हा पुन्हा बसला, कण्हला आणि लघवी झालीच नाही, तर सकाळची वाट न बघता तसाच दवाखान्यात न्या. मूत्रमार्ग बंद झालेला बोका एक-दोन दिवसांत दगावू शकतो. पिल्लांसाठी घरं शोधायचं काम माझ्याकडे, पण आठ आठवडे पूर्ण होईपर्यंत एकही पिल्लू कुणाला द्यायचं नाही, हे काकांना आत्ताच सांगून ठेव.

काकांना नमस्कार.

तुझी भाची