डाव्या डोळ्याची साक्ष

नोव्हेंबरात माझ्या उजव्या डोळ्याचा मोतीबिंदू काढला. पट्टी सुटली त्या दुपारी नागपुरात मनीषनगरातल्या आमच्या गॅलरीत बसले होते. समोरच्या बिल्डिंगच्या गच्चीवर एक निळी ताडपत्री आहे, चार-पाच पावसाळे खाल्लेली. ती इतकी निळी दिसली, की मला वाटलं शेजाऱ्यांनी नवी आणली. उजवा डोळा मिटून डाव्याने पाहिलं तर परत जुनीच, मळकट, थोडी हिरवट. पुन्हा उजव्याने पाहिलं, पुन्हा नवी. हा खेळ बराच वेळ चालला आणि मग एकदम पोटात गोळा आला. ताडपत्रीचं सोडा, माझ्या वह्यांचं काय?

वह्या चौदा वर्षांच्या आहेत. दर हिवाळ्यात गाडीने कुडाळला उतरायचं, तिथून मालवण. दिवसा पाण्याखाली पाटीवर खरडायचं आणि रात्री लॉजच्या पिवळ्या दिव्याखाली ते वहीत उतरवायचं: जात, अंदाजे लांबी, खोली, संख्या, काय करत होता. मी ज्युनिअर कॉलेजात प्राणिशास्त्र शिकवत असे, पोहायला अंबाझरीच्या बाजूला शिकले आणि सत्तेचाळिसाव्या वर्षी पाठीला सिलिंडर बांधला. त्यामुळे पाण्याखाली मी कुणाहून चपळ नव्हते. पण ओळखण्यात मला कुणी गाठू शकणार नाही, असा माझा समज होता. तो मी लपवतही नसे.

तर या वह्यांमध्ये ‘काळा’ हा शब्द फार आहे. त्यातले खरोखरचे काळे किती होते, हा आता प्रश्न आहे.

पाण्यात तांबडा रंग पहिल्या पाच-सहा मीटरांत विरतो, हे आम्हां सगळ्यांना पाठ. बोट कापलं तर रक्त हिरवट दिसतं. म्हणून तांबड्याच्या बाबतीत आम्ही सावध असतो, टॉर्च मारून खात्री करतो. निळ्याबद्दल मात्र कुणी सावध नसतं. समुद्रात निळा कमी पडेल ही शंका कुणाला येणार? डोळ्यातला भिंगाचा मणी वर्षानुवर्षं पिवळा पडत जातो, निळा प्रकाश अडवत राहतो आणि मेंदू इमानेइतबारे हिशेब जुळवत राहतो, त्यामुळे काही गेलंय हे कळतच नाही. मालवणचं पाणी हिरवं असतं, असं मी कितीजणांना ठासून सांगितलंय. आता वाटतं, त्यातला थोडा हिरवा माझ्या पदरचा असावा.

माझं घोडं अडलंय ते एका माशापाशी. खरं म्हणजे माशाच्या पिल्लापाशी. एंजलफिशच्या तीन जाती घ्या: ॲन्युलारिस, सेमीसर्क्युलेटस आणि इम्परेटर. मोठेपणी तिघांची गल्लत आंधळाही करणार नाही. ॲन्युलारिस सोनेरी तपकिरी, अंगावर निळ्या कमानी, कल्ल्याच्या वर एक निळी अंगठी, शेपूट पांढरं. पण पिल्लं तिघांचीही गडद निळी-काळी, त्यावर पांढऱ्या आणि मधूनमधून बारीक निळ्या रेषा. ॲन्युलारिसच्या रेषा जवळजवळ उभ्या, किंचित झुकलेल्या. सेमीच्या कंसासारख्या वळलेल्या. इम्परेटरच्या शेपटीकडे जाता जाता पुरं वर्तुळ करतात. पुस्तकात हे तिन्ही शेजारी छापलेले असतात आणि अडाण्यालाही फरक दिसतो.

पाण्यात शेजारी काही नसतं. सिंधुदुर्ग किल्ल्याच्या बाजूच्या खडपात, सहाएक मीटरवर, कपारीच्या तोंडाशी करंगळीएवढं काहीतरी हलतं. ते तुमच्याकडे कधी सरळ बाजू करून उभं राहत नाही. तिरपं असलं की उभी रेषाही वाकडी वाटते आणि वाकडी रेषा सरळ. अगदी लहान वयात तर रेषांचं वळण मुळातच पुरतं आलेलं नसतं. वरून लाट आली की तुम्ही हात-दोन हात मागे जाता, ते आत जातं. एवढ्यात जे दिसलं त्यावर निवाडा द्यायचा. आणि पाटीवर पेन्सिल टेकेपर्यंत जो क्षणभर जातो ना, त्या क्षणात मन पाहिलेल्या चित्राला पुस्तकातल्या चित्रासारखं करून घेतं. या क्षणावर मी चौदा वर्षं घालवली आहेत. आधी रेषा काढायच्या, नाव नंतर लिहायचं, असा नियम केला. मग न पाहता पाटीवर काढायची सवय केली. तरी रात्री वही उघडली की पाटीवरच्या रेषा जरा जास्तच सुबक वाटायच्या.

या पिल्लांनी माझ्याहून मोठ्यांना चकवलंय, एवढाच काय तो दिलासा. इम्परेटरचं पिल्लू आणि मोठा मासा बराच काळ दोन स्वतंत्र जाती म्हणून नोंदलेले होते. ॲन्युलारिस आणि इम्परेटर या दोघांनाही १७८७ साली नाव दिलं ते मार्कुस ब्लॉख या बर्लिनच्या डॉक्टरने. या माशांच्या समुद्रात तो कधी उतरला नाही. मेलेले नमुने घरी येत, ते पाहून तो वर्णन करी. मला हा माणूस फार जवळचा वाटतो. बर्लिनमध्ये बसून हिंदी महासागराचे मासे ओळखायचे आणि मनीषनगरात बसून मालवणचे, यात असा काय फरक? माझा अभ्यास तर रेल्वे फाटकावर झाला. उड्डाणपूल होण्याआधी मनीषनगरचं फाटक एकदा पडलं की वीस-वीस मिनिटं जागचं हलणं नाही. मी पर्समध्ये माशांच्या चित्रांचे पत्ते ठेवत असे. ऑटोत बसून एकेक पत्ता क्षणभर बघायचा, उलटा करायचा आणि मागच्या बाजूला रेषा काढायच्या. ऑटोवाला आरशातून बघून म्हणायचा, "बाई, पत्ते लावून राहिल्या का?" २०२० साली पूल झाला, सगळ्या मनीषनगराने सुटकेचा श्वास सोडला आणि माझा रियाज बंद पडला.

आता मुद्द्याचं सांगते. माझ्या वह्यांमध्ये सेमीसर्क्युलेटसच्या तीन नोंदी आहेत. मालवणात ॲन्युलारिस नवलाचा नाही, सेमी दिसणं मात्र मोठी गोष्ट. तिसऱ्या नोंदीनंतर मी एका सभेत त्यावर बोलले. टाळ्या पडल्या. पुढे त्या नोंदी कुणाच्या तरी यादीत गेल्या, तिथून दुसऱ्या यादीत. मी एकदाही म्हटलं नाही की फोटो नाही, क्षणभर पाहिलंय, पाणी गढूळ होतं. मला तो सेमीच हवा होता. समोरच्या कपारीत काय आहे हे बघायला मी वाकले तेव्हा नाव आधीच ओठांवर आलेलं होतं, हे आज लिहिताना स्पष्ट दिसतं. त्याला कारण मोतीबिंदू नव्हता.

कॅमेरा मी वापरत नाही, याचाही मला गर्वच होता. फोटो काढणाऱ्यांना मी नावं ठेवत आले आणि अजून ठेवते. हातात स्टीलची काडी घेऊन येतात, गोगलगायीला टोचून तिची मान वळवून घेतात, एका हाताने प्रवाळाला धरून दुसऱ्या हाताने शटर दाबतात. टणक प्रवाळ २००१ पासून वन्यजीव कायद्याच्या पहिल्या परिशिष्टात आहे, म्हणजे कागदावर त्याला वाघाइतकं संरक्षण. वाघाला कुणी धरून उभं राहत नाही. त्याहून वाईट बिस्किटं. पर्यटकाला दहा मिनिटं पाण्यात नेतात, त्याच्या हातात बिस्किटाचा पुडा देतात आणि पट्ट्यापट्ट्यांचे सार्जंट मेजर मासे झुंडीने अंगावर येतात. त्याला वाटतं समुद्र किती भरलेला आहे! ती झुंड पुड्याच्या वासाला चटावलेली असते आणि बाकीचे मासे तिथून केव्हाच हललेले असतात. मालवणचं सागरी अभयारण्य १९८७ सालचं आहे, २९.१२ चौरस किलोमीटरचं. गाभा त्यातला जेमतेम तीन चौरस किलोमीटर, तोही किल्ला आणि पद्मगडाच्या भोवती, म्हणजे जिथे पर्यटकांच्या होड्यांची सर्वांत जास्त गर्दी तिथेच. मच्छीमारांचा अभयारण्याला विरोध पहिल्यापासून आहे. जाळं टाकणाऱ्याला कायदा दाखवायचा आणि पुडा विकणाऱ्याकडे काणाडोळा करायचा, असं असेल तर त्यांचा राग मला तरी समजतो.

एवढं बोलल्यावर सांगायला हवं की आमच्या दिवाणखान्यात माझा एक फोटो आहे, पहिल्या वर्षीचा. मास्कमागे डोळे बटाट्याएवढे, भोवती सार्जंट मेजरांची गर्दी आणि उजव्या हातात ग्लुकोज बिस्किट. पाहुणे आले की मी सांगते, तेव्हा कळत नव्हतं. फोटो मात्र भिंतीवरून काढलेला नाही. मी त्यात बारीक दिसते.

आणखी एक आहे, ते सांगायला जास्त जड जातं. सहा वर्षांपूर्वी एका खडपाच्या आडोशाला तुटक्या जाळ्याच्या दोरीला शेपूट गुंडाळून बसलेला समुद्रघोडा दिसला. बोटभर. जाळं काढायला म्हणून मी हात घातला होता. दोरी तेवढी ठेवली, बाकीचं कापून आणलं. इथपर्यंत मी शहाणी. त्या रात्री जेवताना टेबलावर आठजण होते, त्यातले दोघे स्वतःला माझ्याहून जाणकार समजणारे. मी खडप सांगितला, खोली सांगितली, किल्ल्याच्या कुठल्या बुरुजाच्या रेषेत ते सांगितलं. पुढच्या हंगामात तिथे नांगर पडत होते. समुद्रघोडा मला पुन्हा दिसला नाही. त्याने आपणहून जागा सोडली असेल, तेही जागा बदलतात. पण ओळखणं म्हणजे सांगणं, असं मी तोवर धरून चालले होते. त्यानंतर माझ्या वहीत काही नोंदींना जागा लिहिलेली नाही आणि त्या नोंदी कुठल्याच यादीच्या कामाच्या नाहीत.

माझ्याकडे एक मुलगी शिकायला येते. बेसा रोडला राहते, इंजिनिअरिंगला आहे. ती फोटो काढते, काडी न वापरता, हे मान्य करायला हवं. फोटो आय-नॅचरलिस्टवर टाकते आणि रात्रीतून जगाच्या कुठल्यातरी टोकाचा माणूस नाव पक्कं करून देतो. मला हा प्रकार आवडत नाही. नाव हुडकताना जो घाम येतो तो यात नाही, असं मी तिला सांगते. ती ऐकून घेते. डिसेंबरात मी घरी बसलेली, डोळ्यात थेंब घालत. ती वह्या संगणकावर चढवायला आली होती.

"मॅडम, या तीन सेमींना फोटो नाही दिसून राहिला."

"नाहीच आहे."

"मग सेमी कशावरून?"

"माझ्या डोळ्यांवरून," मी म्हटलं.

ती गप्प बसली. मीही. औषधाची बाटली दोघींच्या मध्ये टेबलावर होती.

डॉक्टरांनी सांगितलेले तीन महिने संपले आणि फेब्रुवारीच्या शेवटी आम्ही दोघी गेलो. भांगाचे दिवस, पाणी बऱ्यापैकी निवळ. होडीवाला ओळखीचा. माझं वेड त्याला माहीत आहे, पिल्लाचं नाव त्याने कधी विचारलं नाही. दुसऱ्या दिवशी तिसऱ्या कपारीशी ते होतं. मी दोन बोटं खडकाला न टेकवता तरंगत राहिले, याचा मला अजून अभिमान आहे. आधी उजवा डोळा मिटला. डाव्याला दिसल्या चार जाड पांढऱ्या रेषा, मध्ये काळं. रेषा वाकलेल्या. मी शपथेवर सेमी लिहिलं असतं. मग डावा मिटला. पांढऱ्यांच्या मध्ये निळ्या रेषा उगवल्या, दोरा ओढल्यासारख्या बारीक, आणि त्या सगळ्या एकत्र दिसताच वळण बरंचसं गेलं. पिल्लू तेच, जागा तीच. रेषा उभ्या होत्या. ॲन्युलारिस. मुलीने माझ्या खांद्यावरून फोटो काढला, मी पाटीवर काही लिहिलं नाही.

वर आल्यावर होडीवाल्याने हात दिला. "काकी, गावलां काय तुमचां पिलू?"

"गावलं," मी म्हटलं.

यावरून माझ्या तिन्ही नोंदी खोट्या ठरत नाहीत. हे एक पिल्लू ॲन्युलारिस निघालं म्हणून आधीची तीनही तीच होती, असं म्हणणं म्हणजे पुन्हा क्षणभर बघून निवाडा दिल्यासारखंच. पण त्या खऱ्या आहेत असंही आता म्हणता येत नाही. यादीवाल्यांना पत्र लिहायचं ठरवलंय. मसुदा तीनदा झाला. प्रत्येक वेळी मोतीबिंदूचा उल्लेख जरा लवकर येतो आणि माझ्या हावरेपणाचा जरा उशिरा.

सध्या संध्याकाळी वह्या घेऊन बसते. मुलीने तिचे सगळे फोटो पाठवलेत, ते संगणकावर लावते, उजव्या डोळ्यावर तळवा ठेवते आणि डाव्याने बघत जुन्या नोंदी वाचते. त्या वर्षी मला हे कसं दिसलं असेल, एवढंच विचारायचं असतं. तेव्हा काय दिसत होतं ते सांगणारा हा एकच डोळा उरलाय. त्याचं ऑपरेशन झालं की ‘काळा’ म्हणजे काय हे मलाही कळणार नाही. म्हणून तारीख दोनदा पुढे ढकलली. अजून सत्तावीस पानं बाकी आहेत.

काल दवाखान्यातल्या रिसेप्शनिस्टचा फोन आला होता. मी म्हटलं, मार्चअखेर नक्की.

"कोणत्या सालच्या, मॅडम?" तिने विचारलं.