डॉक्टरबाई आणि आशाताई

न्हावऱ्याजवळच्या आमच्या वस्तीवर माझे चुलते, तात्या, हे भजनाचा कणा. तुकोबांची पालखी वरवंडला आली की भीमा ओलांडून ते तिथे हजर. त्यांचा आवाज बसला तेव्हा सगळ्यांनी तंबाखूला बोल लावला. पुढे घास गिळताना कळ कानापर्यंत जाऊ लागली, धोतर कमरेला ठरेना. एका दवाखान्यात घशात नुसतं बघून, तुकडा न काढताच, ‘कॅन्सर आहे, मुंबई गाठा’ असं सांगितलं गेलं. आजीने बांधालगतचा अर्धा एकर काढायची भाषा सुरू केली.

तेवढ्यात एका पाहुण्यांनी दौंडच्या कान-नाक-घशाच्या डॉक्टरबाईंचं नाव सुचवलं. बाईंनी दुर्बीण घातली आणि पडद्यावर आम्हालाही दाखवलं. स्वरयंत्र एका बाजूने सुजलेलं, त्यावर पांढुरका, खरबरीत व्रण. ‘‘दिसतंय कॅन्सरसारखंच,’’ त्या म्हणाल्या, ‘‘पण टीबीही असाच दिसतो. तुकडा काढू, थुंकी तपासू, छातीचा फोटो काढू. तोवर जमिनीचं नाव काढू नका.’’

तुकड्यात कॅन्सरच्या पेशी नव्हत्या, क्षयाच्या खुणा होत्या. थुंकीत जंतू सापडले, फोटोत फुप्फुसाचा वरचा भाग धरलेला दिसला. छातीतले जंतू खोकल्याबरोबर वर येतात आणि स्वरयंत्रात ठाण मांडतात. तंबाखू खाणाऱ्या साठीच्या माणसाच्या घशात असा व्रण दिसला की पहिली शंका कॅन्सरचीच येते. क्वचित दोन्ही रोग एकत्रही असतात, म्हणून औषध सुरू झाल्यावरही बाई दुर्बिणीने पुन्हा पुन्हा बघत राहिल्या. आम्ही नेलेली गुळाची ढेप त्यांनी दवाखान्यातल्या मावशींना वाटून टाकली.

रॉबर्ट कॉख यांनी क्षयाचा जंतू २४ मार्च १८८२ रोजी जगापुढे मांडला. त्यानंतर पाच वर्षांनी, फेब्रुवारी १८८७ मध्ये, डॉ. आनंदीबाई जोशी पुण्यात क्षयानेच गेल्या. जंतू कळला होता, औषध नव्हतं. तात्यांना तेच औषध सहा महिने सरकारी दवाखान्यातून फुकट मिळालं. हे आठवलं की आजही माझा ऊर भरून येतो.

पण औषध मिळणं वेगळं आणि रोज पोटात जाणं वेगळं. ते पाहिलं आमच्या वस्तीच्या आशा सेविकेनं, म्हणजे आमच्या आशाताईंनी. लघवी लालसर झाली तशी तात्यांनी गोळ्या बंद करायचा हट्ट धरला. ‘‘तात्या, गोळीचा रंग हाय त्यो, रगात न्हाय,’’ म्हणत त्यांनी समोर बसून डोस घ्यायला लावला. स्वरयंत्राचा टीबी खोकल्यातून झपाट्याने पसरतो, म्हणून घरातल्या पोराबाळांसकट सगळ्यांची तपासणीही त्यांनीच करवून घेतली.

गिळतानाची कळ आधी गेली, आवाज सावकाश आला. तो थोडा जाड राहिला आहे. वरच्या पट्टीतले अभंग आता दुसरे उचलतात. तात्यांना सख्खी बहीण नाही. दर भाऊबीजेला ते आशाताईंकडे ओवाळून घ्यायला जातात.

वाचकहो, आवाज तीन आठवड्यांहून जास्त बसलेला असेल तर घसा दुर्बिणीने तपासून घ्या. कुणी कॅन्सर म्हटलं तर तुकडा काढायला एक दिवसही उशीर करू नका; पण त्याचा रिपोर्ट हातात येईपर्यंत धीर सोडू नका आणि शेतही विकू नका.