स्मिथ, फरेरा आणि लोहार

आमच्या ठाण्याच्या शाळेच्या हजेरीपटावर परेरा, पेणकर, फरेरा, म्हात्रे, लोहार हीं आडनांवें एकाच पानावर नांदतात. रोज उच्चारलेल्या शब्दाचा अर्थ मनांत येतोच असें नाहीं. पण यंदा एका निमित्तानें आम्हांस तो शोधावासा वाटला.

इंग्लंड व वेल्स येथें सर्वांत अधिक आढळणारें आडनांव स्मिथ. स्मिथ म्हणजे धातु घडविणारा, अर्थात् लोहार. इ. स. १०६६ मध्यें नॉर्मन लोकांनीं इंग्लंड जिंकल्यानंतरच्या शतकांत तेथें आडनांवें हळूहळू वंशपरंपरेनें चालूं लागलीं. शेतकरी तर गांवचा गांव. त्या नांवानें कोणास ओळखावें? लोहार मात्र गांवांत एखादाच, आणि त्याच्यावांचून नांगरास फाळ नाहीं कीं घोड्यास नाल नाहीं. म्हणून गांवोगांव एकेक स्मिथ झाला, आणि परस्परांशीं कसलेंहि नातें नसलेलीं असंख्य कुळें एकाच नांवाचीं झालीं. जर्मनांचा श्मिट हा तोच. इटालियनांचा फेरारीहि तोच. त्या नांवाची मोटार पाहून ज्यांचे डोळे विस्फारतात, त्यांस हें अवश्य सांगावें.

फरेरा हा शब्दहि याच भट्टींतला. पोर्तुगालांत जेथें लोखंड निघे अथवा घडे, अशा गांवांवरून तो आला. १५३४ सालीं वसईचा मुलूख पोर्तुगिजांकडे गेला. बाप्तिस्मा घेणाऱ्या कुटुंबांस बहुधा धर्मपित्याचें किंवा पाद्र्याचें आडनांव मिळालें. भातशेती करणारा फरेरा झाला, आणि ज्याच्या अंगणांत आंबा व फणस तो परेरा, म्हणजे नासपतीचें झाड! १७३९ सालीं चिमाजी अप्पांनीं वसई घेतली. राज्य गेलें, नांवें राहिलीं. २०२० सालीं धाराशिवच्या साहित्यसंमेलनाचें अध्यक्षपद फादर फ्रान्सिस दिब्रिटो यांनीं भूषविलें, तेव्हां असें आडनांव मराठीला परकें उरलें नाहीं असें आम्हांस वाटलें.

पेणकर हे आमचे बेने इस्राएल बंधु. ठाण्यास त्यांचें प्रार्थनामंदिर १८७९ पासून आहे. पेणेंत राहणाऱ्यास कोणी पेणकर म्हणत नाहीं. गांव सुटल्यावरच तें नांव चिकटतें.

आतां तें निमित्त. आमच्या एका माजी विद्यार्थ्याचें आडनांव लोहार. वडील कल्याणच्या रेल्वेंत होते. ऐरणीशीं घराचा संबंध दोन पिढ्यांपूर्वीं तुटला. राजपत्रांत जाहीर करून गांवावरून ‘कर’ लावावयाचें, असें या मुलानें ठरविलें. आजोबांनीं त्या दिवसापासून त्याच्याशीं बोलणें सोडलें. मुलगा सल्ल्यासाठीं आमच्याकडे आला.

आम्हीं त्यास कान्हेरीच्या लेण्यांची गोष्ट सांगितली. तेथील एका प्राचीन ब्राह्मी लेखांत कल्याणच्या नंद नांवाच्या लोहारानें वाट बांधून दिल्याची नोंद आहे. ‘कमार’ हा आपला धंदा त्यानें दगडावर कोरविला, लपविला नाहीं. मग स्मिथची हकीगतहि सांगितली.

मुलगा शांतपणें ऐकत होता. मग म्हणाला, “सर, स्मिथला कोणी पुढचा प्रश्न विचारीत नाहीं. डोंबिवलींत भाड्याची खोली पाहावयास गेलों, तेव्हां आडनांव ऐकून घरमालकानें तो मला विचारला.”

यावर आम्हांस उत्तर सुचलें नाहीं. स्मिथ हें आतां केवळ नांव आहे, त्यांतला हातोडा केव्हांच गळून पडला. आमच्याकडे हातोडा गेला तरी त्याच्या मुठीला धरून जात मागें राहते. नंदाचा अभिमान खरा, आणि या मुलास सोसावा लागलेला प्रश्नहि खरा. आजोबांस पहिला कळतो, नातवास दुसरा.

जातांना त्यानें कान्हेरीची ती वाट नेमकी कोठें आहे, हें विचारून घेतलें. आजोबांस दाखवावयाची आहे, म्हणाला. अर्ज भरून त्याच्या दप्तरांत आहे. अजून धाडलेला नाहीं.