किडनीमुळे वाढलंय

“किडनीच्या पेशंटचं ट्रोपोनिन वाढलेलंच असतं, काकू. काळजीचं काही नाही. घरी न्या.”

हे वाक्य मला अजून पचलेलं नाही. बोलणारा डॉक्टर उद्धट नव्हता, उलट मऊ आवाजात बोलला. म्हणूनच कदाचित जास्त लागलं.

हे एसटीच्या वर्कशॉपमध्ये मेकॅनिक होते, सोलापुरात. आधी शुगर आली, तिच्यामागून बीपी, मग पायावर सूज आणि मग किडनी. आमच्या पट्ट्यात ही रांग घरोघर दिसते, म्हणून लांबण लावत नाही. त्या वेळी क्रिएटिनिन 3.1 होतं आणि ईजीएफआर 22, म्हणजे आजाराची चौथी पायरी. डायलिसिस सुरू झालं नव्हतं. दर भेटीत क्रिएटिनिन किती आणि पोटॅशियम किती, एवढंच बोलणं व्हायचं. भाज्या कापून, उकळून पाणी टाकायचं, नारळपाणी बंद, हे सगळं मी पाठ केलं होतं. हृदयाबद्दल मात्र कुणी चकार शब्द काढला नव्हता.

त्या रात्री जेवण झाल्यावर हे आडवे झाले आणि लगेच उठून बसले. श्वास पुरत नव्हता. छातीत दुखत नव्हतं, नुसतं दडपल्यासारखं होत होतं आणि कपाळावर घाम. शेजारच्या मुलाने रिक्षा काढली. जवळच्या खासगी दवाखान्यात ईसीजी झाला, रक्त घेतलं. तासाभराने रिपोर्ट आला: ट्रोपोनिन 62. कागदावर शेजारी छापलं होतं, 14 च्या आत हवं. आणि मग ते वर लिहिलेलं वाक्य.

माझ्या मांडीवर फाईल होती. त्यात मागच्या वर्षीचा ईसीजी होता, सगळे रक्ताचे कागद तारखेप्रमाणे लावलेले होते. मी म्हटलं, “डॉक्टर, जुना ईसीजी आहे, बघता का?” ते म्हणाले, गरज नाही. मी म्हटलं, “ह्यांना आडवं झोपता येत नाहीये.” ते म्हणाले, ॲसिडिटी असेल, आणि गोळी लिहून दिली. हे खुर्चीत पुढे वाकून, दोन्ही हात गुडघ्यांवर टेकवून बसले होते. ज्याला थोडं जरी वैद्यक येतं त्याने त्या बसण्यावरून ओळखायला हवं होतं. फाईल उघडायला किती वेळ लागतो? अर्धं मिनिट. त्या अर्ध्या मिनिटासाठी मी आजही त्या माणसाशी मनातल्या मनात भांडते. किडनीचा पेशंट म्हटलं की त्याचं सगळंच बिघडलेलं असणार, मग एका आकड्याने काय बिघडतंय, असा तो हिशेब होता. त्यांना समोर माणूस दिसलाच नाही, क्रिएटिनिन दिसलं.

आम्ही घरी गेलो नाही. मोठ्या हॉस्पिटलात गेलो. तिथे तोच कागद, तोच 62, आणि निकाल उलटा: हार्ट ॲटॅक आहे, ताबडतोब अँजिओग्राफी, इथे सही करा. त्या फॉर्मवर लिहिलं होतं की डायमुळे किडनीला धक्का बसून डायलिसिस लागू शकतं. माझे दीर फोनवरून ओरडत होते, “वहिनी, सही करा, वेळ घालवू नका.” एका दवाखान्यात ज्या आकड्याला काडीची किंमत नव्हती, त्याच आकड्यावर दुसरीकडे माणसाला टेबलावर घ्यायला निघाले होते.

रात्रपाळीला एक तरुण डॉक्टर मुलगी होती. तिने फाईल मागितली. जुना ईसीजी आणि नवा ईसीजी शेजारी ठेवून उजेडात धरले आणि म्हणाली, बदल जुनेच आहेत. छातीला स्टेथोस्कोप लावला, एक्स-रे काढायला सांगितला. वरिष्ठांशी फोनवर बोलली आणि मला समजावलं: हार्ट ॲटॅक असेल तर ट्रोपोनिन काही तासांत ठळकपणे चढतं किंवा उतरतं. ह्यांची तब्येत स्थिर आहे, ईसीजीत नवं काही नाही, तेव्हा तीन तासांनी पुन्हा रक्त पाहू आणि मग ठरवू. दुसरा आकडा आला 64. म्हणजे जागच्या जागी. छातीत पाणी साठलं होतं. लघवीचं इंजेक्शन दिलं आणि पहाटे हे उताणे झोपले.

म्हणजे पहिला डॉक्टर बरोबर निघाला, असं दीर म्हणाले. मलाही काही दिवस तसंच वाटलं आणि राग थोडा खाली बसला. पण आमच्या किडनीच्या डॉक्टरांना विचारलं तेव्हा तो पुन्हा उसळला. ते म्हणाले, रक्तात मोजतात ते ट्रोपोनिन हृदयाच्याच स्नायूतून येतं, किडनीतून नाही. किडनी मंदावली की ते बाहेर टाकलं जायला वेळ लागतो, हे काही अंशी खरं. पण ते कायम वाढलेलं असतं याचं मोठं कारण हृदयावर रोज पडणारा ताण. बीपीमुळे जाड झालेली भिंत, अंगात साठणारं पाणी, कमी हिमोग्लोबिन, फॉस्फरस वाढून रक्तवाहिन्यांत बसणारं कॅल्शियम. ज्या किडनीच्या रुग्णांत हा आकडा वर राहतो त्यांना पुढे हृदयाचा धोका जास्त असतो. मग “किडनीमुळे वाढलंय” हा दिलासा कसा होतो? ती तर धोक्याची सूचना. आणि त्याच दिवशी त्यांनी आणखी एक सांगितलं, जे कुणीतरी कितीतरी आधी सांगायला हवं होतं: किडनीचे बरेचसे रुग्ण डायलिसिसपर्यंत पोचतच नाहीत, त्याआधी हृदयच घात करतं.

पुढच्या तपासण्यांचीही तीच गत. आधी ट्रेडमिल. पाय भरून आले, हे तिसऱ्या मिनिटाला उतरले, आणि रिपोर्टवर “निष्कर्ष काढता येत नाही” असं आलं. हिमोग्लोबिन नऊ असलेल्या माणसाला पट्ट्यावर पळवून काय कळणार होतं? त्यात भिंत जाड असल्याने ईसीजी मुळातच वाकडा, त्यावरून काही वाचणंही अवघड. हे आधीच माहीत असतं ना? मग थॅलियम स्कॅन केला. त्यात एका भागाला रक्त कमी पोचतंय असं दिसलं.

आता मीच अँजिओग्राफी मागायला लागले. डॉक्टर म्हणाले, घाई नको. त्यांनी 2020 साली प्रसिद्ध झालेल्या इस्केमिया-सीकेडी या अभ्यासाबद्दल सांगितलं. त्यात 777 रुग्ण होते, किडनीचा आजार पुढे गेलेले आणि ताणाच्या तपासणीत दोष सापडलेले, म्हणजे ह्यांच्यासारखेच. निम्म्यांना औषधांबरोबर आधीच अँजिओग्राफी आणि शक्य तिथे स्टेंट किंवा बायपास, निम्म्यांना आधी फक्त औषधं. तीन वर्षांत मृत्यू किंवा हार्ट ॲटॅकचं प्रमाण दोन्हीकडे जवळजवळ सारखं, साधारण 36 टक्के. पक्षाघात मात्र पहिल्या गटात जास्त. मी शांतपणे ऐकून घेतलं. पटलंही. पण घरी आल्यावर वाटलं, शंभरातल्या छत्तीस जणांचं वाईट होतंय आणि आपण दोन्ही वाटा सारख्या म्हणून समाधान मानायचं? शिवाय ज्यांना नुकताच ॲटॅक आला होता किंवा फार त्रास होता, त्यांना त्या अभ्यासात घेतलंच नव्हतं. ह्यांचा त्रास कुठल्या दिवशी “फार” होईल, हे कोण ठरवणार?

सध्या स्टॅटिन चालू आहे. पन्नाशीपुढच्या, डायलिसिसवर नसलेल्या किडनीच्या रुग्णाला ते द्यावं असं जागतिक मार्गदर्शक सूचनांतच आहे. आमच्याकडे ते इतकी वर्षं का नव्हतं, ते विचारल्यावर कुणी सरळ उत्तर दिलं नाही. डापाग्लिफ्लोझिनही सुरू केलंय. ज्यांच्या घरी शुगर-बीपीचा माणूस आहे त्यांना मी आता भेटेल तिथे सांगते, भाजी मंडईतसुद्धा: नुसतं क्रिएटिनिन बघू नका, लघवीतल्या अल्ब्युमिनची तपासणी करा. काही शे रुपयांचं काम आहे. 30 च्या वर सातत्याने गेलं तर किडनीबरोबर हृदयाबद्दलही विचारा. आणि किडनीच्या माणसाची तब्येत बरी असतानाच एकदा ईसीजी आणि ट्रोपोनिन करून फाईलला लावून ठेवता येईल का, ते आपल्या डॉक्टरांना विचारा. रात्री-बेरात्री तुलनेला काहीतरी हवं. काही डॉक्टर म्हणतात त्याची गरज नाही. मला ते पटत नाही.

माझी धाकटी नणंद किडनी द्यायला तयार आहे. प्रत्यारोपणाआधी हृदयाच्या तपासण्या पुन्हा होतील आणि अँजिओग्राफीचा प्रश्न परत उभा राहील. हे म्हणतात, जे व्हायचं ते होऊ दे. मी मात्र किडनीच्या आणि हृदयाच्या दोन्ही डॉक्टरांना लेखी विनंती केली आहे की तुम्ही एकदा एकत्र बसा आणि किती डाय, कशासाठी, आणि नाही केलं तर काय, हे आम्हाला एकाच कागदावर द्या. किडनीचे डॉक्टर हो म्हणालेत. हृदयाच्या डॉक्टरांची वेळ अजून मिळालेली नाही.