पावसाची नोंद कोण ठेवतो?



पावसाळा आला की आपल्या पार्से गावात एक वाक्य हमखास कानी पडते, "आता पाऊस पूर्वीसारखा राहिला नाही." घरोघरची वडीलधारी मंडळी हे म्हणतात आणि नववी-दहावीची मुले आम्हाला विचारतात, "सर, हे खरे का?" प्रश्न साधा वाटतो, पण उत्तराला पुरावा लागतो. माणसाची आठवण पन्नास-साठ वर्षांची. भारतीय हवामान खात्याची स्थापना १८७५ सालची, म्हणजे देशभर मोजलेल्या पावसाचा हिशेब जेमतेम दीडशे वर्षांचा. त्याआधीच्या हजारो वर्षांची नोंद कोणी ठेवली? ती अरबी समुद्राच्या तळाशी साचलेल्या गाळाने ठेवली आहे. ही नोंद वाचणारे शास्त्रज्ञ आपल्याच गोव्यात काम करतात, हे आपल्या मुलांना ठाऊक असावे म्हणून हा लेखनप्रपंच.

आमचे पदवीपर्यंतचे शिक्षण हिंदी माध्यमातून झाले. तिथल्या पुस्तकात गाळाला 'अवसाद' म्हणत. हिंदीत अवसाद म्हणजे मनाची खिन्नतासुद्धा, त्यामुळे तो धडा वर्गात हसण्यावारीच जाई. मराठीतला 'गाळ' हा शब्द आम्हाला अधिक जवळचा वाटतो. पेडणे तालुक्यातल्या शेतकऱ्याला गाळ वेगळा समजावून सांगावा लागत नाही. भरतीबरोबर येणारा, खाजनात साचणारा, मानशीच्या दारापाशी अडणारा गाळ त्याच्या रोजच्या ओळखीचा आहे.

खोल समुद्रातला गाळ मात्र फार सावकाश साचतो, हजार वर्षांत साधारण दोन-चार सेंटीमीटर. त्यात फोरामिनिफेरा नावाच्या एकपेशीय जीवांची कवचे सापडतात. आपण खातो त्या तिसऱ्यांसारखेच हे कवच बहुधा चुन्याचे असते, पण आकाराने बहुतेक वेळा एक मिलिमीटरपेक्षाही लहान. काही जाती पाण्याच्या वरच्या थरात तरंगतात, काही तळावर राहतात. जीव मेला की कवच गाळात पडते आणि त्यावर नवा गाळ साचत जातो.

या कवचांवरून पूर्वीचे हवामान कसे कळते? पहिली खूण जातींची. प्रत्येक जातीला ठरावीक पाणी मानवते: कोणाला उबदार, कोणाला थंड, कोणाला खारे, कोणाला मचूळ. पाणी बदलले की तिथली वस्ती बदलते. मांडवी आणि जुवारी नद्यांच्या मुखांतील फोरामिनिफेरा तपासून खनिज उद्योगाचा नदीवर काय परिणाम झाला, याविषयीचे संशोधन गोव्यातील शास्त्रज्ञांनी प्रसिद्ध केले आहे. डिचोलीकडच्या आपल्या नातेवाईकांना हा विषय नवा नाही.

दुसरी खूण प्राणवायूची. प्राणवायूचे हलके आणि जड असे प्रकार असतात. हिमयुगात हलक्या प्राणवायूचे पाणी बर्फात अडकून राहिले, म्हणून समुद्रात जड प्रकाराचे प्रमाण वाढले. कवच समुद्राच्या पाण्यातूनच घडते, त्यामुळे हा फरक त्यात कायमचा उमटला.

आता आपला पाऊस. नैर्ऋत्येचे पावसाळी वारे जोराने वाहतात तेव्हा सोमालिया आणि ओमानच्या किनाऱ्यालगत खोलातले थंड, पोषक पाणी वर येते. तिथे 'ग्लोबिजेरिना बुलॉइड्स' ही जात भरभराटीस येते. गाळाच्या एखाद्या थरात तिची कवचे पुष्कळ सापडली, तर त्या काळी पावसाळी वारे जोरदार होते असे समजावे. आय.आय.टी. खरगपूरचे अनिल गुप्ता आणि त्यांच्या अमेरिकन सहकाऱ्यांनी २००३ साली 'नेचर' या नियतकालिकात असाच अभ्यास मांडला. गेल्या दहा-अकरा हजार वर्षांत उत्तर अटलांटिक महासागर जेव्हा जेव्हा थंडावला, त्याच सुमारास आपला मान्सून दुबळा झाला, असे त्यांना दिसून आले. कुठे अटलांटिक आणि कुठे आपले भाताचे मळे!

१९६६ साली स्थापन झालेली, आज दोनापावल येथे असलेली राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्था आणि वास्कोला १९९८ साली सुरू झालेले आजचे राष्ट्रीय ध्रुवीय व महासागर संशोधन केंद्र, या दोन्ही ठिकाणी हे काम चालते. जहाजावरून जड नळी तळात रोवून गाळाचा उभा दांडा वर काढतात. त्याचे पातळ काप करायचे, बारीक चाळणीवर धुवायचे, वाळवायचे आणि सूक्ष्मदर्शकाखाली ओल्या कुंचल्याच्या टोकाने एकेक कवच वेचायचे. घरी तांदूळ निवडणाऱ्या आईला हे काम किती चिकाटीचे असेल, ते सांगायला नको.

येथे कोणी म्हणेल, "हवामान तर नेहमीच बदलत आले आहे, मग काळजी कशाला?" गाळ त्याचेही उत्तर देतो. सुमारे २०,००० वर्षांपूर्वी समुद्राची पातळी आजच्यापेक्षा जवळजवळ १२० मीटर खाली होती. बदल झाले हे खरे, पण असे मोठे बदल व्हायला हजारो वर्षे लागली. आज हवेतील कार्बन डायॉक्साइड दहा लाख भागांत २८० वरून ४२० च्या वर गेला तो अवघ्या अडीचशे वर्षांत, आणि तोही माणसाच्या हातून. १९०० सालानंतर जगभर समुद्र सुमारे २० सेंटीमीटर वाढला आहे. ज्यांची खाजने बांधाच्या भरवशावर आहेत, त्यांनी हा आकडा विसरू नये.

मात्र गाळ शतकांच्या भाषेत बोलतो. पार्सेत यंदा पाऊस किती झाला, हे तो सांगू शकत नाही. ती नोंद माणसानेच ठेवायची असते. म्हणून आमची विश्वस्तांना विनंती आहे की शाळेच्या आवारात एक पर्जन्यमापक बसवून द्यावा. येत्या जूनपासून रोज सकाळी ठरलेल्या वेळी दोन विद्यार्थी मोजमाप करतील आणि वहीत लिहितील. कोरडा दिवस असला तर शून्य लिहितील, पण पान रिकामे ठेवणार नाहीत. दहावीचा वर्ग जाताना ती वही नववीच्या हाती देईल. पालकांनी एवढेच करावे, सुट्टीच्या दिवशीही मुलांना त्यासाठी शाळेत पाठवावे.

तीस वर्षांनी एखादे मूल पुन्हा तोच प्रश्न विचारील. तेव्हा आमच्या खुर्चीवर जे कोणी असतील, त्यांना वही उघडून उत्तर देता यावे, एवढीच इच्छा.