भिवंडीचे फडके

भिवंडी हे काही यात्रेचे ठिकाण नव्हे. तालुक्यातील वज्रेश्वरीला भाविक जातात, लोनाडची लेणी पाहण्यास अभ्यासक जातात. शहरात मात्र माणूस जातो तो कामासाठीच. नोकरीच्या काळात मी येथील एका शाखेत तीन वर्षे होतो, तेही यंत्रमागांच्या कर्जखात्यांमुळे. निवृत्तीनंतर चातुर्मासाच्या तोंडावर पुन्हा गेलो, ते एका फडक्यासाठी.

सूनबाईंनी घरातील कागदी रुमालांची गुंडाळी बंद करून पुन्हा पुन्हा धुऊन वापरता येणाऱ्या फडक्यांचा संच आणला होता. हेतू उत्तम. पाकिटावर हिरवे पान आणि ‘पर्यावरणस्नेही’ हा शब्द. बारीक अक्षरांत मात्र लिहिले होते : पॉलिएस्टर ८० टक्के, पॉलिअमाइड २० टक्के. असे फडके ओल चांगली टिपते, यात शंका नाही; परंतु प्रत्येक धुण्यात त्याचे सूक्ष्म तंतू पाण्यात उतरतात, आणि ते कुजत नाहीत. पाणी गाळून पिणाऱ्या आपल्या घरातून गाळता न येणारा प्लास्टिकचा कण बाहेर जावा, हे मनाला पटेना.

“मग बाबा, आणू तरी कोणते?” सूनबाईंनी विचारले. “साधे सुती,” मी म्हणालो. “ते मिळते कुठे?” या प्रश्नाचे उत्तर शोधण्यासाठी हा प्रवास.

वसई-दिवा मार्गावरील भिवंडी रोड स्थानकावर सकाळी उतरलो. अंजूरफाट्याच्या बाजूने आता गोदामांची रांग लागली आहे. पूर्वी शहराच्या अलीकडेच मागांची खटखट कानी पडे. आता ती ऐकण्यासाठी गल्लीत शिरावे लागते. १८५७ नंतर उत्तर हिंदुस्थानातून आलेल्या मोमीन विणकरांनी येथे हातमाग रुजवला. पुढे त्याची जागा यंत्रमागाने घेतली. तेलंगणातील पद्मशाली आले, हालारातील आपले विसा ओसवाल बांधव आले. १९८२ च्या मुंबईतील गिरणी संपानंतर येथील मागांवरचे काम आणखी वाढले. उभा धागा आणि आडवा धागा मिळून कापड होते, तसेच हे शहर विणले गेले आहे.

आधी देरासरात दर्शनाला गेलो. प्रक्षाल नुकताच झाला होता. एक श्रावक मलमलीच्या अंगलुछण्याने भगवंतांची प्रतिमा टिपत होते. एक, मग दुसरे, मग तिसरे. कोठेही ओल राहू नये म्हणून. खाली सांडलेले पाणी टिपण्यासाठी पाटलुछणे वेगळे. दोन्ही एकत्र ठेवायची नाहीत, एकत्र धुवायची नाहीत, काम होताच वाळत घालायची. हे लहानपणापासून पाहत आलो. पण फडक्याचा इतका शिस्तशीर विचार आपल्या परंपरेत आहे, हे त्या दिवशी प्रथम लक्षात आले.

तेथून एका जुन्या खातेदारांकडे गेलो. त्यांच्या शेडमधील निम्मे माग भंगारात गेले होते; उरलेल्यांवर पॉलिएस्टर. “साहेब, सुती आता ऑर्डर आली तरच,” ते म्हणाले. तरीही आतून त्यांनी कोऱ्या सुती कापडाचा एक तागा काढला आणि त्यावर पाण्याचा थेंब टाकला. थेंब मोत्यासारखा तसाच उभा! मागावर तुटू नयेत म्हणून उभ्या धाग्यांना खळ दिलेली असते. शिवाय कापसाचा मूळचा मेणचटपणाही असतोच. “रात्रभर भिजवा, धुण्याच्या सोड्यात उकळा, दोनदा खळबळून धुवा. मग पाणी पिईल.” नवे सुती फडके टिपत नाही, ही गृहिणींची तक्रार खरी आहे, पण दोष सुताचा नव्हे, खळीचा.

कोपऱ्यात चिंध्यांची पोती होती. त्या किलोच्या भावाने जातात. गॅरेजमध्ये त्यांनीच यंत्रे पुसतात. भिवंडीत काही फुकट जात नाही, असे वाटले. तेवढ्यात मागावरचा कामगार वळला. त्याच्या भुवयांवर, पापण्यांवर सुताचा पांढरा भुसा बसला होता. बारा तासांची पाळी. हा भुसा वर्षानुवर्षे श्वासात गेला की छाती आवळते, दम लागतो. “नाकाला बांधायला देतो साहेब, गुदमरते म्हणून बांधत नाहीत,” मालक म्हणाले.

मी काय बोलणार? तारण तपासण्यासाठी याच मागांमधून मी कितीदा फिरलो होतो, आणि प्रत्येक वेळी स्वतःच्या नाकाला रुमाल लावून. माझ्या अहवालात माग होते, साठा होता, येणे बाकी होती. हा भुसा कुठल्याच रकान्यात नव्हता. अहिंसा मुंगीपाशी सुरू होते, पण माणसाला वगळून नव्हे.

एक मीटर पन्ह्याचे दहा मीटर कापड घेतले. घासाघीस केली नाही. अर्ध्या मीटरचे चाळीस चौकोन झाले. सूनबाईंनी कडा दुमडून शिवल्या : ओट्यासाठी पांढरा दोरा, भांड्यांसाठी पिवळा, लादीसाठी निळा. अंगलुछणे आणि पाटलुछणे यांचाच हा घरगुती अवतार. आता ओले फडके फिरवण्याआधी मऊ पूंजणीने जागा पुंजली जाते, म्हणजे मुंगी ओलीत चिरडत नाही. वापर झाला की फडके पिळून दोरीवर जाते. ओला बोळा रात्रभर राहिला की बुरशी धरते, आणि बुरशी म्हणजे अनंतकाय. जयणा येथेच पाळायची. ओट्याचे फडके विरले की लादीला, लादीचे फाटले की कुंडीच्या मातीत.

सुतालाही मोल आहेच. कापसाला पाणी लागते, फवारणी लागते, आणि विणणाऱ्याचा श्वास लागतो. म्हणून सुती फडके चार दिवसांत फेकले, तर तेही हिरव्या पानाच्या पाकिटाहून फारसे निराळे नव्हे. ते वर्षानुवर्षे वापरावे, तेव्हाच ते खऱ्या अर्थाने स्नेही ठरते.

उकळल्यानंतर पहिल्या चौकोनावर मी थेंब टाकून पाहिला. क्षणात मुरला. मालकांना दूरध्वनीवर ते कळवले, आणि आणखी एक विनंती केली : पुढच्या तागे-खरेदीच्या वेळी मी तलम सुताच्या, गुदमरणार नाही अशा दुपदरी नाकपट्ट्या शिवून आणीन, कामगारांना एकदा वापरून पाहू द्या. ते म्हणाले, “आणा साहेब.” चाळीसपैकी सहा चौकोन शिल्लक आहेत, पण ते जाड पडतील. मलमल आणली आहे; सूनबाई शिवत आहेत.