निशाणी डावा अंगठा

आजचा धागा एका पत्र्याच्या ट्रंकेतून निघाला आहे. मागच्या दिवाळीत घर आवरताना आजीच्या ट्रंकेच्या तळाशी एक जुने खरेदीखत सापडले. कागद घड्यांवर फाटलेला. शेवटी लेखनिकाच्या वळणदार अक्षरात आजीचे नाव, त्यापुढे ‘निशाणी डावा अंगठा’ हे शब्द आणि त्यांना खेटून जांभळ्या शाईचा एक ठसा. शाळेत असताना ‘अंगठाबहाद्दर’ हा शब्द मी हसत हसत वापरला आहे. त्या दिवशी भिंग घेऊन ठसा पाहिला, तर मध्ये एक रेखीव चक्र होते. आजी गेली त्याला काही वर्षे झाली. तिच्या देहाची घरात उरलेली एवढीच खूण.

‘निशाणी’ हा शब्द मात्र अंगठ्याहून जुना आहे. मराठेशाहीतील महजर वा करीने ज्यांनी पाहिले असतील त्यांना ‘निशाणी नांगर’ परिचयाची असेल. लिहिता न येणारा पाटील वा कुणबी आपल्या नावापुढे नांगराची आकृती काढी किंवा काढवून घेई. बलुतेदारही आपापल्या हत्यारांच्या निशाण्या करीत. त्या निशाणीत माणसाचे काम होते, गावातील स्थान होते. तिची साक्ष गोतसभा देई. अंगठ्यात यातले काहीच नाही. त्यात केवळ देह आहे. नांगर जाऊन अंगठा का आला, या प्रश्नाने मला बंगालमध्ये नेले.

२८ जुलै १८५८. मुर्शिदाबादजवळचे जंगीपूर. आदल्या वर्षीच्या उठावाचा धुरळा अजून खाली बसलेला नव्हता. विल्यम हर्शेल हा कंपनी सरकारचा पंचविशीतला अधिकारी (युरेनस ग्रह शोधणाऱ्या हर्शेलचा हा नातू) रस्त्यासाठी दोन हजार मण खडी पुरवण्याचा करार करीत होता. समोर कंत्राटदार राज्यधर कोनाई. कोनाईने करार स्वतःच्या हाताने लिहिला होता, म्हणजे हा माणूस निरक्षर नव्हता, हे ध्यानात ठेवा. तरीही हर्शेलने त्याच्या उजव्या तळहाताला कचेरीच्या शिक्क्याची तेलकट शाई फासली आणि कागदाच्या पाठीवर अख्खा पंजा उमटवून घेतला. उद्या ‘ही सही माझी नव्हेच’ असे म्हणण्याची त्याची छाती होऊ नये, त्याला धाक बसावा, हा हेतू हर्शेलनेच पुढे लिहून ठेवला आहे. मोगल बादशहाच्या पंजाचा ठसा असलेले फर्मान लोक मस्तकी लावीत. कोनाईचा पंजा मात्र अविश्वासाने घेतला गेला. आधुनिक अंगुलिमुद्रेच्या इतिहासातील हे पहिले पान गुन्ह्याचे नाही, खडीच्या कंत्राटाचे आहे.

हर्शेलला पुढे या छंदाने झपाटले. तो वर्षानुवर्षे स्वतःच्या, मित्रांच्या बोटांचे ठसे घेत राहिला आणि वय वाढले तरी रेषा बदलत नाहीत हे त्याने ताडले. १८७७ साली हुगळीला मॅजिस्ट्रेट असताना त्याने निवृत्तिवेतन घेणारे, दस्त नोंदवणारे आणि कैदी या सर्वांना ठसे देण्यास लावले. मेलेल्याच्या नावाने पैसे उचलणारे तोतये आणि दुसऱ्याच्या वाटची शिक्षा भोगणारे भाडोत्री कैदी रोखायचे होते. १८८० साली जपानमध्ये राहणाऱ्या हेन्री फॉल्ड्स या स्कॉटिश डॉक्टरने ‘नेचर’मध्ये पत्र लिहून, गुन्ह्याच्या जागी सापडणाऱ्या ठशांवरून गुन्हेगार ओळखता येईल असे सुचवले. शोधाचे श्रेय कोणाचे यावर दोघांत जुंपली, ती अनेक वर्षे चालली. त्या भांडणात मला रस नाही. मला रस आहे तो पुढच्या अडचणीत.

अडचण अशी. समजा, कचेरीत लाखभर कैद्यांचे ठसे आहेत. आज पकडलेला माणूस खोटे नाव सांगतो आहे. त्याचा जुना कागद शोधायचा कसा? नावाच्या क्रमाने लावलेली दप्तरे येथे निरुपयोगी. फ्रान्सिस गाल्टनने १८९२ च्या ग्रंथात कमान, फास आणि चक्र असे नमुन्यांचे तीन प्रकार सांगितले होते, पण मोठ्या संग्रहात कागद चटकन हाती यावा अशी वाट त्याला सापडली नव्हती.

ती वाट कलकत्त्यात सापडली. बंगालचे पोलीस महानिरीक्षक एडवर्ड हेन्री यांच्या हाताखाली दोन भारतीय अधिकारी होते: प्रेसिडेन्सी कॉलेजात गणित शिकलेले अझीझुल हक आणि हेमचंद्र बोस. त्यांच्या पद्धतीचा गाभा इतका सोपा आहे की तुम्ही आत्ता स्वतःवर करून पाहू शकता. उजव्या अंगठ्यापासून सुरुवात करून बोटांना एक ते दहा क्रमांक द्या. डावा अंगठा सहावा येतो. दोन-दोन बोटांच्या पाच जोड्या करा. पहिल्या जोडीतील बोटावर चक्र असेल तर १६ गुण, पुढच्या जोड्यांना ८, ४, २ आणि १. चक्र नसेल तर शून्य. सम क्रमांकाच्या बोटांची बेरीज अंशस्थानी, विषमांची छेदस्थानी, आणि दोन्हींत एक-एक मिळवा. आलेला अपूर्णांक १/१ ते ३२/३२ यांतलाच असतो. बत्तीस गुणिले बत्तीस, म्हणजे १,०२४ कप्पे. माणूस नाव काहीही सांगो, त्याची बोटेच त्याचा कप्पा सांगतात. बोस यांनी उपवर्गीकरणावर आणि ठसे तारेने कळवण्याच्या सांकेतिक भाषेवरही काम केले.

(आजी आम्हा नातवंडांच्या बोटांवरची शंख-चक्रे मोजून भविष्य सांगत असे. दहाही चक्रे असणारा राजा होतो, असे ती म्हणे. हेन्रींच्या कपाटात तो ३२/३२ च्या कप्प्यात गेला असता.)

१८९७ साली सरकारने ही पद्धत मान्य केली आणि कलकत्त्यात अंगुलिमुद्रा केंद्र उभे राहिले. लवकरच जलपैगुडीचा खटला उभा राहिला. चहामळ्याच्या व्यवस्थापकाचा गळा चिरलेला, तिजोरी रिकामी आणि एका बंगाली पंचांगावर तपकिरी अस्पष्ट डाग. त्या डागातील अंगठा जुळला तो काढून टाकलेल्या नोकराशी, कांगाली चरणशी. पूर्वीच्या चोरीमुळे त्याचे ठसे दप्तरी होते. १८९८ साली न्यायालयाने त्याला चोरीबद्दल शिक्षा दिली, खुनातून मात्र सोडले. खून होताना कोणी पाहिले नव्हते. मला हा निवाडा आवडतो. हात तेथे पोहोचला होता एवढेच ठसा सांगतो. त्या हाताने काय केले, हे सांगणे त्याच्या आवाक्याबाहेरचे आहे, हे त्या न्यायालयाने ओळखले. पुढच्याच वर्षी कायद्यात दुरुस्ती होऊन ठशांच्या तज्ज्ञांची साक्ष ग्राह्य ठरली.

१९०० साली हेन्रींचे पुस्तक आले, १९०१ साली स्कॉटलंड यार्डने पद्धत उचलली आणि ती जगभर ‘हेन्री पद्धती’ या नावाने गेली. हक आणि बोस यांना पदव्या आणि प्रत्येकी पाच हजार रुपये मिळाले, तेही कित्येक वर्षांनी, अर्ज-विनंत्यांनंतर. या पद्धतीत हक यांचा वाटा आपल्या इतर सर्व सहकाऱ्यांपेक्षा मोठा होता, असे निवृत्त हेन्रींनी १९२६ साली पत्रात कबूल केले. ज्यांनी जगाला माणूस ओळखण्याची रीत दिली, त्यांची स्वतःची निशाणी मात्र पद्धतीच्या नावात उमटली नाही.

आता पुन्हा आजीकडे. शेवटच्या वर्षांत तिला रेशनच्या दुकानात यंत्रावर अंगठा टेकवावा लागे. भातलावणी, शेणसारवण, राखेने भांडी घासणे यांत बोटांच्या रेषा झिजून गेल्या होत्या. दुकानदार म्हणे, “आजी, पदराला पुसून पुन्हा लावा.” ती पुसे, लावी, यंत्र नाही म्हणे. मग तर्जनी, मग मधले बोट. रांगेतले लोक चुळबुळत, आणि मी तिच्या मागे पिशवी घेऊन उभा. एकदा तर तिघांसमोर तिने विचारले, “मी मी न्हाई का रं?”

तिच्या झिजलेल्या डाव्या अंगठ्यावर काय होते, ते मला त्या वेळी ठाऊक नव्हते. आता ठाऊक आहे. चक्र होते. सहावे बोट, तिसरी जोडी, अंशस्थानी चार गुण. खरेदीखत मी पुन्हा घडी न घालता दोन काचांमध्ये ठेवले आहे.